रेअर अर्थ हॅलाइड: सैल पकडीचे पदार्थ

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. पण नांदेड जिल्ह्यात किनवट, देगलूरच्या बाजूला गेलं की काही पट्ट्यांत जमिनीखाली ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं आणि ते हळूहळू भूजलात उतरतं. पाणी खडकाच्या सहवासात जितकं जास्त काळ राहतं तितकं त्यातलं फ्लोराइड वाढतं, म्हणून खोल बोअरच्या पाण्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. दातांवर पिवळे-तपकिरी डाग, पुढे सांधे आखडणं, हाडं कडक होणं हे त्याचे परिणाम. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत.

हे मोजण्याची एक चांगली पद्धत म्हणजे फ्लोराइड इलेक्ट्रोड. बोटभर जाडीची नळी आणि तिच्या टोकाला बसवलेली एक लहानशी पारदर्शक चकती. सगळी करामत त्या चकतीची. ती लँथॅनम फ्लोराइडची असते आणि तिच्यात किंचित युरोपियम मिसळलेलं असतं. लँथॅनमवर तीन धन भार, इथल्या युरोपियमवर दोन. जिथे लँथॅनमच्या जागी युरोपियम बसतं तिथे भाराचा हिशेब जुळावा म्हणून एक फ्लोराइड आयन (भार असलेला अणू) कमी राहतो आणि त्याची जागा रिकामी पडते. शेजारचा फ्लोराइड त्या जागेत उडी मारतो, मग त्याची जागा रिकामी होते, तिथे तिसरा येतो. अशा रीतीने फ्लोराइड त्या घन चकतीतून सरकत राहतो. बाकीच्या आयनांना मात्र आत वाट नाही.

नळीच्या आत फ्लोराइडचं ठरावीक प्रमाणाचं द्रावण असतं, बाहेर आपल्या बोअरचं पाणी. दोन्हीकडचं प्रमाण वेगळं असलं की चकतीच्या दोन अंगांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. 25 अंश सेल्सिअसला प्रमाण दहापट बदललं की सुमारे 59 मिलिव्होल्ट. मीटर तेवढंच वाचतो. पाणी फार अल्कधर्मी असेल तर हायड्रॉक्साइड मध्ये लुडबुड करतो, म्हणून नमुन्यात आधी बफर, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण, घालतात. फ्रँट आणि रॉस या दोघा संशोधकांनी 1966 मध्ये हा इलेक्ट्रोड जगापुढे मांडला आणि आजही तो तसाच चालतो.

ती चकती काटेकोरपणे सिरॅमिक नव्हे, ती एकच सलग स्फटिक असते. पण ज्या पदार्थ-कुटुंबाबद्दल, म्हणजे रेअर अर्थ हॅलाइड सिरॅमिकबद्दल, हा लेख आहे, त्यातला हा जुना आणि सर्वांत निमूटपणे काम करणारा सदस्य. त्याच्यापासून सुरुवात केली की बाकीचे समजायला सोपे जातात.

तीन शब्द, एक सूत्र

रेअर अर्थ म्हणजे 17 धातू: लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे 15, शिवाय स्कँडियम आणि इट्रियम. नाव दुर्मीळतेचं असलं तरी सीरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं सापडतं. अडचण अशी की हे धातू एका जागी गोळा झालेले क्वचित मिळतात आणि रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की त्यांना वेगळं करताना घाम फुटतो. भारतात ते मुख्यतः केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजातून येतात. 1950 मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी आयआरईएल हे काम करते. आपल्या बेसाल्टात असलं काही काढण्याजोगं नाही.

हॅलाइड म्हणजे फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन यांच्याशी झालेलं संयुग. आपलं मीठ हे सोडियमचं हॅलाइड. आणि सिरॅमिक म्हणजे भुकटी दाबून, न वितळवता तापवून, तिचे कण एकमेकांना चिकटवून घडवलेला घन पदार्थ. वीट, कपबशी, बाथरूमची टाइल या सगळ्या सिरॅमिकच, फक्त त्या ऑक्साइड आणि सिलिकेटच्या. जगातलं बहुतेक सिरॅमिक ऑक्साइडचंच असतं. हॅलाइडचं सिरॅमिक बनवायला कोण जातं, असा प्रश्न त्यामुळे रास्त आहे.

माझ्या मते याचं उत्तर एका शब्दात सापडतं: पकड. ऑक्सिजन दोन ऋण भारांनी धातूला घट्ट धरतो. हॅलाइडकडे एकच भार, त्यामुळे पकड सैल. फ्लोराइड लहान असल्याने धातूच्या अगदी जवळ बसतो, म्हणून त्याची पकड त्यातल्या त्यात मजबूत. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड असं पुढे जावं तसा आयन मोठा आणि जड होतो आणि पकड आणखी ढिली. वितळण्याचे आकडे पाहिले की हे लगेच दिसतं. लँथॅनम ऑक्साइड 2,300 अंशांच्या आसपास वितळतं, लँथॅनम फ्लोराइड सुमारे 1,490 ला, क्लोराइड सुमारे 860 ला, ब्रोमाइड 790 च्या आत.

या पदार्थांचे सगळे गुण याच सैल पकडीतून येतात आणि सगळे दोषही. गुण ठेवून दोष काढून टाकावा अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही, हे लक्षात घेतलं की या क्षेत्रातल्या संशोधकांची धडपड नेमकी कशासाठी आहे ते कळतं.

उजेड वाया न जाणं

रेअर अर्थ आयनांचे काही इलेक्ट्रॉन आतल्या कप्प्यात असतात. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे त्यांना आडोसा मिळतो. म्हणून त्यांचा प्रकाश ठरावीक, स्वच्छ रंगांचा असतो. अशा आयनाला ऊर्जा दिली की ती परत टाकायचे दोन मार्ग त्याच्यापुढे असतात: प्रकाश सोडणं, नाहीतर आजूबाजूच्या अणूंना हलवून ऊर्जा उष्णतेत घालवणं. आजूबाजूची पकड घट्ट आणि अणू हलके असतील तर एकेक कंपन मोठ्या ऊर्जेचं असतं. मग दोन-चार कंपनांतच सगळी ऊर्जा उष्णतेत जिरते. पकड सैल आणि अणू जड असतील तर कंपनं मंद, प्रत्येकाची ऊर्जा थोडी. तेवढीच ऊर्जा जिरवायला एकाच वेळी बरीच कंपनं लागतात आणि तसं जुळून येणं अवघड. मग आयन नाइलाजाने प्रकाशच सोडतो.

एकाच एककात (प्रति सेंटिमीटर) तुलना करायची तर साध्या सिलिका काचेतलं सर्वांत जोरकस कंपन 1,100 च्या आसपास, फ्लोराइडमध्ये साधारण 350 ते 500, लँथॅनम क्लोराइडमध्ये 260 च्या घरात, ब्रोमाइडमध्ये 175.

याचा एक चमत्कारिक उपयोग म्हणजे सोडियम इट्रियम फ्लोराइड. त्यात यिटर्बियम आणि अर्बियम मिसळून त्यावर 980 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण टाकला की ते हिरवं चमकतं. कमी ऊर्जेचे दोन किरण एकापाठोपाठ गिळून जास्त ऊर्जेचा एक बाहेर टाकायचा, हा प्रकार. मधल्या पायरीवर ऊर्जा थोडा वेळ थांबून राहिली तरच हे जमतं आणि फ्लोराइडच्या मंद कंपनांमुळे ती थांबते. बनावट मालाला आळा घालणाऱ्या शाईत असे पदार्थ वापरले जातात.

आणखी जुनी गोष्ट. जुन्या सिनेमागृहांतल्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळत असत. त्यांतल्या प्रखर उजेडाच्या कांड्यांच्या गाभ्यात सीरियमसारख्या रेअर अर्थ धातूंची फ्लोराइडं भरलेली असायची. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी सिनेमा त्या उजेडात पाहिला आणि कुणाला त्याचं नाव माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

लँथॅनम ब्रोमाइडचं प्रकरण

या कुटुंबातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात त्रासदायक सदस्य म्हणजे सीरियम मिसळलेलं लँथॅनम ब्रोमाइड. त्याचं काम गॅमा किरण ओळखणं. गॅमा किरण आत शिरला की वाटेत असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे करतो, ते सीरियमपाशी येऊन त्याला उत्तेजित करतात आणि सीरियम निळसर-जांभळा प्रकाश सोडतं. तो प्रकाश मोजला की गॅमा किरणाची ऊर्जा कळते. अशा पदार्थाला सिंटिलेटर म्हणतात. ब्रोमाइडमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला फ्लोराइडपेक्षा कमी ऊर्जा लागते, म्हणून तेवढ्याच किरणातून जास्त इलेक्ट्रॉन सुटतात आणि जास्त उजेड पडतो. सैल पकडीचाच हा आणखी एक फायदा.

1948 पासून या कामाला थॅलियम मिसळलेलं सोडियम आयोडाइड वापरात आहे; रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी ते शोधलं. 1 एमईव्ही ऊर्जेमागे ते सुमारे 38,000 प्रकाशकण देतं आणि त्याची चमक विझायला अडीचशे नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. लँथॅनम ब्रोमाइड तेवढ्याच ऊर्जेत 60,000 हून जास्त प्रकाशकण देतं आणि 16 नॅनोसेकंदांत विझतं, म्हणजे पुढचा किरण मोजायला लगेच मोकळं. सीझियम-137 हा किरणोत्सारी पदार्थ 662 केईव्ही ऊर्जेचा गॅमा किरण सोडतो. मोजणीच्या आलेखात त्याची रेषा सोडियम आयोडाइडने 7 टक्क्यांच्या आसपास रुंद दिसते, तर याने 3 टक्क्यांच्या घरात; रेषा जितकी अरुंद तितकी अचूकता जास्त. जवळजवळच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात त्या यामुळे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या संशोधकांनी 2001 मध्ये हे जाहीर केलं आणि दहा वर्षांच्या आत, 2010 मध्ये, चीनच्या छांग-अ-2 यानासोबत ते चंद्राभोवती फिरत होतं.

आता त्रास. पहिला, लँथॅनम स्वतःच किंचित किरणोत्सारी आहे. नैसर्गिक लँथॅनममध्ये 0.09 टक्के लँथॅनम-138 असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 10,000 कोटी वर्षांचं, म्हणजे धोका शून्य. पण मोजणाऱ्या यंत्रात ते आपलीच भर घालत राहतं. ती भर नेमकी पोटॅशियम-40 च्या 1,461 केईव्ही रेषेला जाऊन भिडते. माती, खडक, पिकं यांतलं पोटॅशियम मोजायचं असेल तर हा नको तिथला गोंगाट. म्हणून काही ठिकाणी सीरियम ब्रोमाइड घेतात: अचूकता थोडी कमी, पण आतून शांत. बुधाकडे 2018 मध्ये निघालेल्या बेपीकोलंबो यानावर तेच आहे.

दुसरा त्रास, पाणी. पावसाळ्यात घरातल्या मिठालाही पाणी सुटतं, लँथॅनम ब्रोमाइड तर हवेतली आर्द्रता खेचून घेत काही वेळात निकामी होतं. त्याला आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत हाताळावं लागतं आणि वापरताना हवाबंद डबीत. एकदा पाणी शिरलं की नुसतं तापवून ते काढता येत नाही. ओलं लँथॅनम क्लोराइड घ्या आणि तापवा. पाणी जाताना क्लोराइडचा काही भाग हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन उडून जातो आणि मागे लँथॅनम ऑक्सिक्लोराइड उरतं. ते कण पुढे प्रकाश विखुरतात. उपाय जुनाच आहे: नवसागर (अमोनियम क्लोराइड) मिसळून तापवायचं. नवसागर तापल्यावर स्वतः हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो, ते ऑक्साइडला पुन्हा क्लोराइड करतं आणि उरलेला नवसागर उडून जातो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा तांब्यावरचं ऑक्साइड याच रसायनाने निघतं. ब्रोमाइडसाठी फक्त अमोनियम क्लोराइडऐवजी अमोनियम ब्रोमाइड घ्यायचं.

तिसरा त्रास तडकण्याचा, आणि सिरॅमिकचा विषय इथेच सुरू होतो. मोठं स्फटिक वितळलेल्या द्रवातून सावकाश गोठवून वाढवतात. लँथॅनम ब्रोमाइडची अणुरचना षट्कोनी. ती थंड होताना एका दिशेने जास्त आकसते, दुसऱ्या दिशेने कमी. त्या ओढाताणीत स्फटिकाला तडे जातात, बराच माल फुकट जातो आणि किंमत चढते. मग विचार आला की स्फटिक वाढवायचंच कशाला? भुकटी करा, तापवून दाबा, हवी त्या आकाराची वडी काढा.

पण वडीतून उजेड बाहेर यायला हवा. सिरॅमिक अपारदर्शक दिसतं त्याची दोन कारणं. एक म्हणजे कणांमध्ये अडकलेली हवेची भोकं. तापमान आणि दाब पुरेसा दिला की ती बुजतात. दुसरं कारण चिवट. षट्कोनी पदार्थात प्रकाशाचा वेग दिशेप्रमाणे बदलतो. वडीतला प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेला, त्यामुळे एका कणातून दुसऱ्यात जाताना दर सीमेवर प्रकाश थोडा वळतो. हजारो सीमा ओलांडल्यावर तो भरकटतो आणि वडी दुधाळ दिसते. घनाकृती रचनेच्या पदार्थांत ही अडचण नाही, कारण तिथे सगळ्या दिशा सारख्या. म्हणून संशोधकांची नजर सीझियम लिथियम इट्रियम क्लोराइडसारख्या घनाकृती संयुगांकडे जाते. हा पदार्थ स्फटिकाच्या रूपात वापरात आहेच. त्याची खुबी वेगळी: त्यातलं लिथियम-6 न्यूट्रॉन पकडतं आणि न्यूट्रॉनची चमक गॅमा किरणाच्या चमकेपेक्षा वेगळ्या लयीत विझते. एकाच तुकड्याने दोन्ही ओळखता येतात. बंदरांवर लपवून आणलेलं किरणोत्सारी सामान शोधायला हे उपयोगी.

हॅलाइडचं पारदर्शक सिरॅमिक जमतं हे मात्र फार आधीच सिद्ध झालं आहे. जगातला पहिला सिरॅमिक लेसर 1964 चा, आणि तो डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लोराइडचा होता. कॅल्शियम फ्लोराइड घनाकृती, म्हणून ते जमलं. तो चालवायला द्रवरूप नायट्रोजनची थंडी लागायची, ही त्याची मर्यादा. पुढे 1995 मध्ये जपानमध्ये निओडिमियम मिसळलेल्या याग (इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) या ऑक्साइडचा चांगला सिरॅमिक लेसर निघाला आणि बाजी तिकडे गेली.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे, केंद्र सरकारने 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये लेसर फिरवून गुरुत्वीय लहरी टिपायच्या. लायगोच्या लेसरचा मूळ स्रोत निओडिमियम-यागचाच. घट्ट पकडीचा, कणखर, उष्णता चटकन वाहून नेणारा ऑक्साइड. जिथे ऑक्साइडने भागतं तिथे हॅलाइडच्या नादी लागण्यात अर्थ नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण नव्या पदार्थांबद्दल लिहिणारे सहसा हा भाग गाळतात.

तालुक्याच्या गावातली कॅसेट

याउलट एक हॅलाइड आपल्या इतक्या जवळ आहे की त्याच्याकडे लक्षच जात नाही. बऱ्याच लहान दवाखान्यांत अजून एक्स-रे काढल्यावर टेक्निशियन एक चपटी कॅसेट शेजारच्या मशीनमध्ये सरकवतो आणि चित्र कॉम्प्युटरवर येतं. त्या कॅसेटमधल्या प्लेटवर बेरियम फ्लोरोब्रोमाइडच्या बारीक कणांचा थर असतो, त्यात युरोपियम मिसळलेलं. एक्स-रे पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि स्फटिकात जिथे हॅलाइड आयनाची जागा रिकामी असते तिथे अडकून बसतात. पुन्हा तीच रिकामी जागा, फक्त इथे तिच्यातून आयन सरकत नाही, इलेक्ट्रॉन थांबतो. मशीनमधला लाल लेसर प्लेटवरून फिरतो, इलेक्ट्रॉन सोडवतो आणि युरोपियम निळा-जांभळा प्रकाश देतं. जिथे जास्त एक्स-रे पडले तिथे जास्त प्रकाश. मग प्रखर उजेड टाकून प्लेट पुसायची, पुढच्या रुग्णाला तीच.

बॅटरी

सध्या सगळ्यात जास्त पैसा आणि मेंदू ज्या हॅलाइडवर खर्च होतोय ते लिथियम इट्रियम क्लोराइड. लिथियम बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये आयन वाहून नेणारा पदार्थ, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, आज द्रव असतो आणि तो पेट घेऊ शकतो. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडचा पारा चाळिशीच्या वर जातो, भर उन्हात स्कूटर उभी राहते. ही काळजी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. द्रवाऐवजी घन पदार्थ बसवला तर आगीचा धोका घटतो. पण त्या घनातून लिथियम आयन सहज वाहायला हवेत.

2018 मध्ये जपानच्या पॅनासॉनिकमधल्या संशोधकांनी दाखवलं की लिथियम इट्रियम क्लोराइड आणि ब्रोमाइड हे करू शकतात. रचना समजायला सोपी आहे. लिथियम क्लोराइडमध्ये सहा क्लोराइडमागे लिथियमच्या सहा जागा. त्यांतल्या तीन लिथियमऐवजी एक इट्रियम बसवलं की भार जुळतो आणि दोन जागा रिकाम्या राहतात. लिथियम त्या जागांतून उड्या मारत जातो. वाहकता सेंटिमीटरला 1 मिलिसीमेन्सच्या आसपास. ब्रोमाइडची सर्वोत्तम 1.7. द्रव इलेक्ट्रोलाइट साधारण 10 च्या घरात असतो, तरी घन पदार्थासाठी हा आकडा कामाचा.

इथे सैल पकड दोनदा उपयोगी पडते. आयन सरकतो ते एक. दुसरं म्हणजे पदार्थ मऊ असल्याने भुकटी नुसती दाबली तरी कण एकमेकांना चिकटून बसतात. ऑक्साइडच्या घन इलेक्ट्रोलाइटला 1,000 अंशांच्या वर भाजावं लागतं, त्यात लिथियम उडून जातं, शिवाय इतर थरांशी प्रक्रिया होते. सल्फाइडचे इलेक्ट्रोलाइट यापेक्षाही चांगले वाहक आहेत, पण दमट हवेत ते हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडतात आणि जास्त व्होल्टेजला टिकत नाहीत. क्लोराइड 4 व्होल्टच्या पुढेही तग धरतं.

अडचणी? लिथियम धातूला थेट चिकटवलं की इट्रियम आपला भार गमावतं आणि पदार्थ बिघडतो. म्हणून लिथियमकडे सल्फाइड आणि दुसऱ्या टोकाकडे हॅलाइड असे दोन थर लावून पाहतात. ओलावा इथेही नको. कारखान्यातल्या कोरड्या हवेचा खर्च टळत नाही. बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात विजेच्या गाड्यांचे कारखाने येण्याच्या घोषणा 2024 मध्ये झाल्या, त्यात कुणी लगेच हॅलाइडच्या बॅटऱ्या बसवेल असं समजू नये. हा माल अजून बहुतांशी प्रयोगशाळेचा आहे.

शिवाय इट्रियम कुणाकडून आणायचं हा प्रश्न. चीनने एप्रिल 2025 मध्ये सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यात इट्रियम होतं. 2021 मध्येच चिनी संशोधकांनी लिथियम झिर्कोनियम क्लोराइड पुढे आणलं: वाहकता 0.8 मिलिसीमेन्स, आर्द्रतेला जास्त सोशिक आणि किमतीने बरंच स्वस्त. झिर्कोनियम रेअर अर्थ नाही. तेव्हा बॅटरीतलं हॅलाइड उद्या बाजारात आलंच तर त्यात रेअर अर्थ असेलच असं नाही. रिकाम्या जागा कुठलाही योग्य भाराचा धातू करून देतो. सिंटिलेटरमध्ये आणि एक्स-रेच्या प्लेटमध्ये मात्र ही अदलाबदल चालत नाही, तिथे उजेड सीरियमचा आणि युरोपियमचाच आहे.